मिसरची आठवण आणि घरचा उंबरठा

फ्लोरिडा राज्यातील सेंट ऑगस्टीन हे अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या शहरांपैकी एक. स्पॅनिश लोकांनी ते १५६५ मध्ये वसवले. १९६४ च्या उन्हाळ्यात गावात चारशेव्या वर्षाच्या उत्सवाची तयारी चालू होती, आणि गावातली हॉटेले व खाणावळी मात्र कृष्णवर्णीयांना दारातूनच परत पाठवत होत्या. ११ जून रोजी मॉन्सन मोटर लॉज या मोटेलच्या दारात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. त्यांनी न्यू जर्सीतले आपले मित्र रब्बी (ज्यू धर्मगुरू) इस्रायल ड्रेस्नर यांना कळवले, जमतील तितके रब्बी घेऊन या. सुधारणावादी ज्यू पंथाच्या रब्बींचे अधिवेशन तेव्हाच अटलांटिक सिटीत भरले होते. तिथे किंग यांचा निरोप वाचून दाखवला गेला आणि सोळा रब्बी जायला तयार झाले. पंथाच्या सामाजिक कामाची धुरा वाहणारे अल्बर्ट व्होर्स्पॅन हे सतरावे.

१८ जूनला दुपारी हे लोक कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांबरोबर मोटेलसमोर उभे राहून प्रार्थना करू लागले. पोलिसांचे लक्ष तिकडे असताना काही कृष्णवर्णीय आणि गोऱ्या तरुणांनी मोटेलच्या पोहण्याच्या तलावात उड्या घेतल्या. व्यवस्थापकाने त्या पाण्यात आम्लाचा कॅन रिकामा केला. त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी जगभर गेले. सतरा जणांपैकी पंधरा प्रार्थना करताना पकडले गेले. उरलेल्या दोघांचा गुन्हा वेगळा होता. ते तीन कृष्णवर्णीय मुलांबरोबर एका खाणावळीत एकाच टेबलाशी बसले होते. एका दिवसात इतके रब्बी अमेरिकेत त्याआधी कधी गजाआड गेले नव्हते.

त्या रात्री झोप कोणालाच येईना. कोठडीबाहेरच्या बोळात एक उघडा दिवा लटकत होता. पहाटे तीनच्या सुमाराला त्याच्या उजेडात त्यांनी एक पत्र लिहिले. विषय एवढाच, की आम्ही इथे का आलो. मजकूर मुख्यतः रब्बी यूजीन बोरोविट्झ यांच्या हातचा. हिटलरच्या भट्ट्यांतून धूर निघत असताना लक्षावधी माणसे गप्प उभी राहिली होती, याची आठवण त्यात आहे. मला मात्र त्यातले दुसरे एक वाक्य जास्त मोलाचे वाटते. ते नम्रपणे कबूल करतात की आपण हे कृष्णवर्णीय बांधवांसाठी जितके केले, तितकेच स्वतःच्या श्रद्धेची गरज म्हणून केले. उपकाराची भाषा तिथे नाही. दुसऱ्याच्या न्यायासाठी गेलेल्या माणसाला हे कळणे फार अवघड असते, आणि ज्यांना कळते त्यांचेच काम टिकते.

या श्रद्धेचा गाभा वल्हांडण सणात आहे. इस्रायली लोक मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, फारो राजाचे गुलाम होते आणि परमेश्वराने त्यांना सोडवले, ही कथा दरवर्षी घराघरांत जेवणाच्या ताटाभोवती सांगितली जाते. कडू भाजी खातात ती गुलामीची चव जिभेवर यावी म्हणून. बेखमीर भाकरी खातात ती निघण्याच्या घाईची आठवण म्हणून. आणि प्रत्येकाने स्वतःच मिसरातून सुटून आल्यासारखे समजावे असा दंडक आहे. पूर्वजांचे झाले ते झाले, असे म्हणून चालत नाही. तोरा या मूळ धर्मग्रंथात या आठवणीला कामाला जुंपले आहे. परदेशी माणसाला छळू नका, कारण परकेपण काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे, अशा अर्थाची आज्ञा तिथे पुन्हा पुन्हा येते. तालमूदच्या पंडितांनी ती मोजली, तेव्हा ती छत्तीस ठिकाणी भरली. काहींच्या मते छेचाळीस. आमोस, यशया हे संदेष्टे तर याहून कडक बोलतात. गरिबाला नाडून वेदीवर अर्पणे चढवणाऱ्यांची पूजाच देवाला नकोशी झाली आहे, असे ते राजा-पुरोहितांच्या तोंडावर सांगतात.

ही परंपरा इतकी स्पष्ट असताना ज्यू समाज गुलामगिरीविरुद्ध एकमुखाने उभा राहिला असेल, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. अमेरिकेत यादवी पेटण्याच्या बेतात असताना, ४ जानेवारी १८६१ रोजी, न्यूयॉर्कचे रब्बी मॉरिस राफॉल यांनी व्यासपीठावरून सांगितले की पवित्र शास्त्राने गुलामगिरीला पाप म्हटलेले नाही. दक्षिणेतल्या गुलाममालकांनी ते प्रवचन उचलून धरले. बाल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न यांनी त्यावर जळजळीत उत्तर दिले. मेरीलँड हे गुलामगिरी मानणारे राज्य. एप्रिल १८६१ मध्ये तिथे दंगल उसळली तेव्हा आइनहॉर्न यांना कुटुंबासह फिलाडेल्फियाला पळून जावे लागले. दक्षिणेच्या बंडखोर सरकारात जुडा बेंजामिन हा ज्यू मंत्री होता आणि त्याआधी लुइझियानात त्याच्या उसाच्या मळ्यावर गुलाम राबले होते. ग्रंथ एकच, वल्हांडणाचे ताटही एकच. मिसरची कथा ऐकून स्वतःला फारोच्या जागी पाहायला किती जण तयार होते, एवढाच फरक होता.

पुढच्या पिढीत शिकागोला एक चांगली जोडी जमली. सिनाई सिनेगॉगचे (ज्यू प्रार्थनामंदिराचे) रब्बी एमिल हिर्श श्रीमंत भक्तांना परखडपणे सांगत की संपत्ती ही समाजाची ठेव आहे. श्रोत्यांमध्ये ज्युलियस रोझेनवाल्ड बसत. सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या प्रचंड कंपनीचे ते प्रमुख. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांची ओळख झाल्यावर, १९१२ पासून, त्यांनी दक्षिणेतल्या खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधायला पैसा द्यायला सुरुवात केली. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. पैसा आयता मिळत नसे, ही त्यातली खरी गोम. गावातल्या कृष्णवर्णीयांनीही वाटा उचलायचा, सरकारनेही द्यायचा, मग निधीचा हिस्सा मिळायचा. कापूस वेचून पोट भरणाऱ्या माणसांनी जमीन दिली, लाकूड दिले, अंगमेहनत दिली, नाणी गोळा केली. लेखिका माया अँजेलो आणि नागरी हक्कांचे नेते जॉन लुइस अशाच शाळांत शिकले. गोऱ्या शाळांवर सरकार कर खर्च करत होते, आणि कृष्णवर्णीयांना मात्र स्वतःच्या शाळेसाठी कर भरून वर पुन्हा वर्गणी द्यावी लागत होती, हा अन्याय या योजनेने मोडला नाही. शाळा वेगळ्याच राहिल्या. पण त्या शाळांतून वाचायला शिकलेली मुले पुढे तो भेद मोडायला रस्त्यावर आली.

त्या रस्त्यावर त्यांना अब्राहम जोशुआ हेशेल भेटले. हेशेल १९०७ मध्ये वॉर्सॉत जन्मले, हसिदी गुरूंच्या घराण्यात. बर्लिनला शिकले आणि प्रबंध लिहिला तो संदेष्ट्यांवर. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना जर्मनीतून हाकलून पोलंडला पाठवले. तिथून लंडनमार्गे ते १९४० मध्ये अमेरिकेत पोचले. मागे राहिलेली आई आणि तीन बहिणी वाचल्या नाहीत. न्यूयॉर्कला ज्यू धर्मशास्त्र शिकवणारा हा प्राध्यापक पांढरी दाढी वाढवून पुस्तकांत बसला असता तरी कोणी काही म्हटले नसते. पण संदेष्ट्यांवरचा तो जुना प्रबंध वाढवून त्यांनी १९६२ मध्ये इंग्रजीत ग्रंथ काढला, आणि तो लिहिता लिहिता अभ्यासिकेत बसणे त्यांनाच अशक्य झाले. संदेष्टा दुसऱ्याच्या वेदनेने अस्वस्थ होतो, आणि ती अस्वस्थता देवाचीच असते, हे त्यांचे प्रतिपादन.

जानेवारी १९६३ मध्ये शिकागोला धर्म आणि वंश या विषयावर परिषद भरली. तिथे हेशेल आणि किंग पहिल्यांदा भेटले. हेशेलनी भाषणाची सुरुवात मिसरपासून केली. या विषयावरची पहिली परिषद मोशे आणि फारो यांच्यात झाली, ती अजून संपलेली नाही, असा त्यांचा रोख होता. दोन वर्षांनी, २१ मार्च १९६५ रोजी, मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीकडे मोर्चा निघाला, तेव्हा पहिल्या रांगेत गळ्यात फुलांचे हार घातलेले हेशेल किंग यांच्या जवळ चालत होते. आपले पाय त्या दिवशी प्रार्थना करत होते, असे त्यांनी नंतर सांगितले. पंढरीच्या वाटेवरून चालणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही.

किंग यांच्या वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध सभेतही, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, त्यांच्या अगदी आधी बोलले ते एक रब्बीच. योआखिम प्रिन्झ. हिटलरच्या राज्यात ते बर्लिनमध्ये रब्बी होते. १९३७ मध्ये त्यांना देशाबाहेर काढले गेले. त्या लाखोंच्या गर्दीपुढे त्यांनी सांगितले की तिथे राहून आपण एक गोष्ट शिकलो: द्वेष आणि कट्टरता यांहून मोठा प्रश्न आहे तो गप्प बसण्याचा. जर्मनीतले सुसंस्कृत लोक पाहत राहिले. अमेरिकेने तसे होऊ नये. प्रिन्झ यांचे भाषण पुढच्या भाषणाच्या तेजात झाकले गेले, याची मला हळहळ वाटते. शाळेच्या पुस्तकात ती दोन्ही शेजारी शेजारी छापली पाहिजेत.

उत्तरेतून आलेल्या या पाहुण्यांना संध्याकाळच्या विमानाने परत जाता येत होते. दक्षिणेतल्या ज्यूंना तिथेच राहायचे होते. छोट्या गावात एखादे ज्यू कुटुंब कापडाचे दुकान चालवी. गिऱ्हाईक गोरे आणि कृष्णवर्णीय दोन्ही, आणि एका रात्रीत दुकान जळण्याची भीती खरी. १२ ऑक्टोबर १९५८ च्या पहाटे अटलांटातल्या ‘द टेंपल’ या सिनेगॉगमध्ये सुरुंगाचा स्फोट घडवला गेला, कारण तिथले रब्बी जेकब रॉथशील्ड वंशभेदाविरुद्ध बोलत. मिसिसिपीत जॅक्सनचे रब्बी पेरी नुसबाउम पार्चमन तुरुंगात जाऊन बसमधला वंशभेद मोडायला निघालेल्या बंदिवान ‘फ्रीडम रायडर’ तरुणांची विचारपूस करत. १९६७ मध्ये आधी त्यांच्या सिनेगॉगमध्ये आणि दोन महिन्यांनी त्यांच्या राहत्या घरी बॉम्बस्फोट झाला. अशा ठिकाणी अनेक जण गप्प राहिले. किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिले ते आठ धर्मगुरूंना उद्देशून होते, घाई करू नका असे सांगणाऱ्या आठ जणांना. त्यांत सात ख्रिस्ती, आणि आठवे बर्मिंगहॅमचे रब्बी मिल्टन ग्राफमन. अशा गप्प बसणाऱ्यांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण भीती खरी होती, आणि तीच भीती असूनही रॉथशील्ड बोलले, हेही तितकेच खरे. जानेवारी १९६५ मध्ये किंग यांना नोबेल मिळाल्याबद्दल अटलांटात गोरे आणि कृष्णवर्णीय एका पंगतीला बसून जेवले, तो समारंभ घडवून आणण्यात रॉथशील्ड पुढे होते.

सेंट ऑगस्टीनच्या अटकेनंतर तीनच दिवसांनी, २१ जून १९६४ रोजी, मिसिसिपीच्या नेशोबा काउंटीत नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या तीन तरुणांचा खून झाला. जेम्स चेनी कृष्णवर्णीय, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर न्यूयॉर्कचे ज्यू. मातीच्या बंधाऱ्याखाली पुरलेले मृतदेह ४ ऑगस्टला सापडले. गुडमन आणि श्वर्नर काही नेमाने सिनेगॉगला जाणारे नव्हते. त्या वर्षी दक्षिणेत गेलेल्या ज्यू तरुणांपैकी बरेच जण धर्मापासून दूर होते. त्यांच्या कामाचे सगळे श्रेय धर्मसंस्थेच्या खाती जमा करणे बरोबर नाही. आजीच्या तोंडून ऐकलेली गुलामीची गोष्ट देव न मानणाऱ्या नातवाच्या मनातही घर करून राहते, एवढे मात्र म्हणता येईल.

पुढे हे सख्य उसवले. १९६८ मध्ये ब्रुकलिनच्या ओशन हिल–ब्राउन्सव्हिल भागात शाळांचा कारभार स्थानिक कृष्णवर्णीय मंडळाकडे आला. मंडळाने काही शिक्षकांना हलवले, त्यांत बहुतेक ज्यू होते, आणि शहरभर शिक्षकांचा लांबलचक संप झाला. दोन्हीकडून कडवट बोलणी निघाली. मग राखीव जागांचा प्रश्न आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या बड्या विद्यापीठांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादेत ठेवायला छुप्या कोट्यांचा वापर केला होता. त्यामुळे वैद्यकीय प्रवेशातल्या राखीव जागांवरचा ‘बाकी’ नावाचा खटला १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हा काही प्रमुख ज्यू संघटना राखीव जागांच्या विरोधात उभ्या होत्या. ज्या कोट्याने दार बंद केले आणि ज्याने दार उघडायचे, त्या दोहोंतला भेद त्यांना त्या वेळी दिसला नाही, असे माझे मत आहे. मराठी वाचकाला हा वाद घरचाच वाटेल.

आता त्याच १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला जाऊ. तिथे धरणे धरून बसलेली माणसे आपसांत मराठीत बोलत होती.

कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर अशा आडनावांची माणसे, इस्रायल स्थापन झाल्यावर हजारोंनी तिकडे गेली. रंगावरून आणि चालीरीतींवरून हिणवले जाणे पहिल्या काही वर्षांतच त्यांच्या वाट्याला आले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबांनी तर भारतात परत पाठवा म्हणून सत्याग्रह केला होता, आणि काही जण खरोखरच परत आले. पण सर्वांत खोल घाव मुख्य रब्बींच्या धर्मपीठाने घातला. इस्रायलात ज्यूंची लग्ने लावण्याचा अधिकार धर्मपीठाकडे. बेने इस्रायल शतकानुशतके रब्बींपासून दूर राहिले, त्यांच्यात धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटाची लेखी रीत नव्हती, तेव्हा कोणाच्या तरी पणजीचा दुसरा विवाह अशुद्ध असू शकेल, अशी शंका काढली गेली. आमच्यात घटस्फोट जवळजवळ होतच नसत आणि विधवा पुन्हा लग्न करत नसत, हे उत्तर कोणी नीट ऐकेना. १९६२ मध्ये फर्मान निघाले: बेने इस्रायल वर किंवा वधूने इतर ज्यूंशी लग्न करायचे, तर आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे तपासायच्या. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवून घेतलेल्या लोकांना आता आपले ज्यूपण सिद्ध करायचे होते.

लोक गावोगावहून जेरुसलेमला आले, मुलाबाळांसकट बसले. प्रकरण संसदेत गेले. ऑगस्टच्या मध्यात पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने आणि संसदेने स्पष्ट केले की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांच्यात व इतरांत भेद नाही. महिनाअखेर धर्मपीठाने फर्मानातून बेने इस्रायलांचे नाव काढले. ड्रेस्नर आणि बोरोविट्झ ज्या धर्माचे नाव घेऊन फ्लोरिडाच्या तुरुंगात गेले, त्याच धर्माच्या पीठाविरुद्ध त्याच उन्हाळ्यात पेण-अलिबागची माणसे बसली होती. मला या दोन घटना वेगळ्या प्रकरणांत टाकवत नाहीत.

आणि बेने इस्रायलांच्या स्वतःच्या घरातही दोन पंगती होत्याच. शुद्ध वंशाचे ते गोरे इस्रायल आणि मिश्र संबंधांतून आलेले ते काळे इस्रायल. रोटीबेटीत भेद, सिनेगॉगमध्ये मान कमी. भोवतालच्या जातीव्यवस्थेची ही सावली होती, पण तिची झळ बसणाऱ्याला ती कुठून आली याने काय फरक पडणार? विसाव्या शतकात ती हळूहळू विरली. कोचीनमध्ये असेच होते, आणि तिथे मात्र कोणीतरी उघड भांडले. तिथल्या ‘परदेशी’ नावाच्या सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना बाकांवर बसू देत नसत. ते दाराजवळ जमिनीवर बसत. अब्राहम बराक सालेम त्यांच्यातला, शिकून वकील झालेला. गांधीजींचा मार्ग त्याने थेट सिनेगॉगमध्ये आणला, सत्याग्रह केला, आणि हळूहळू ती बंधने सुटली. लोक त्याला ‘ज्यू गांधी’ म्हणत. किंग १९५९ मध्ये गांधींच्या देशाला भेट द्यायला आले, त्याच्या कितीतरी आधी ही लढाई होऊन गेली होती.

आज अमेरिकेत कृष्णवर्णीय ज्यूंची आपली सिनेगॉग आहेत. शिकागोचे रब्बी केपर्स फनी हे तिथल्या रब्बी मंडळात सामील झाले. पण बहुसंख्य गोऱ्या सिनेगॉगमध्ये कृष्णवर्णीय ज्यू आला की त्याला अजूनही विचारले जाते, तुम्ही कोणाबरोबर आलात? हा प्रश्न २७ ऑक्टोबर २०१८ नंतर जास्त अवघड झाला. त्या शनिवारी पिट्सबर्गच्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये एका बंदूकधाऱ्याने अकरा भाविकांना मारले. निर्वासितांना आसरा देणाऱ्या हायस या ज्यू संस्थेवर त्याचा राग होता. त्याच इमारतीत प्रार्थना करणारी डोर हादाश ही मंडळी त्या संस्थेच्या कामात सहभागी होती. हायस पूर्वी ज्यू निर्वासितांसाठी काम करी, आता ती ज्यांना मदत करते त्यांतले बहुतेक ज्यू नाहीत. स्थानिक आणि देशभरातल्या मुसलमानांनी मृतांच्या कुटुंबांसाठी दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमवली. त्या हल्ल्यानंतर देशभर सिनेगॉगच्या दारात सशस्त्र पहारा आला, पुष्कळ ठिकाणी पोलीस. तो पहारा गरजेचा आहे, हे कोणी नाकारत नाही. पण कृष्णवर्णीय ज्यू सांगतात की ज्या गणवेशाची आम्हाला रस्त्यावर धास्ती, तोच आता शब्बाथच्या सकाळी आमची ओळख विचारतो. काही मंडळ्यांनी पोलिसांऐवजी दारात सभासदच स्वागताला उभे केले, काहींनी पहारेकऱ्यांना वेगळे शिक्षण दिले, काहींनी काहीच बदलले नाही. विश्वस्तांच्या बैठकांत हा वाद अजून चालू आहे, आणि त्यांत आता कृष्णवर्णीय सभासदही बसू लागले आहेत.